दसरा काढताना

म्हाळाचे दिवस सरत आले की बेळगावातल्या अनगोळच्या गल्लीबोळांतून एक प्रश्न दारोदार फिरू लागतो. विहिरीच्या काठावर, दुधाच्या रांगेत, चौथ्या रेल्वे गेटाशी गाडी जाण्याची वाट पाहत थांबलेल्या दोन सायकलींच्या मध्ये तो ऐकू येतो. "दसरा काढलासा काय?" बाहेरगावच्या माणसाला हा प्रश्न कळायला क्षणभर वेळ लागतो. दसरा साजरा करतात, दसऱ्याला सोने लुटतात, सीमोल्लंघनाला जातात. पण दसरा काढायचा तो कसा? आपल्याला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही. विहिरीतून पाणी काढावे, शेतातून पीक काढावे, तसा आपण घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून दसरा काढतो. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, वाकळा आणि गोधड्या धुण्याला निघतात, देव्हाऱ्यातले देव चिंचेने उजळतात, आणि तीन-चार महिने पावसाच्या अंधारात मिटून बसलेले घर एका सकाळी सगळ्या खिडक्या उघडून उन्हासमोर उभे राहते. सण पुढे येणारच असतो. पण तो आधी आपल्याच हातांनी घरातून काढावा लागतो, हे या दोन शब्दांत आपल्या आज्या-पणज्यांनी किती सहज सांगून ठेवले आहे!

येत्या दिवसांत घट बसतील. त्याआधीच्या या आठवड्यात आपले लक्ष हटकून जाते ते सोप्याच्या भिंतींकडे. नव्या घरांत त्याला हॉल म्हणतात, टिळकवाडीच्या बाजूला बैठकीची खोली म्हणतात. जुन्या अनगोळात तो अजून सोपाच आहे. उंबरा ओलांडून येणाऱ्याला घर पहिल्यांदा भेटते ते इथे. मुलगी पाहायला आलेली मंडळी इथे बसली, वारलेल्या माणसाची बातमी घेऊन आलेला निरोप्या इथेच खांबाला टेकून उभा राहिला, मृगापूर्वी बियाण्याची पोती इथे रचली गेली आणि सुगीत भाताची. माजघर घरच्यांचे, सोपा येणाऱ्याजाणाऱ्यांचा. म्हणून सोप्याच्या भिंतीला रंग देणे हे केवळ आपल्या हौसेचे काम कधीच नव्हते. उद्या जो कोणी येईल त्याच्यासाठी आज करून ठेवायची ती तयारी असते.

आणि आपल्या भागात ही तयारी दरसाल करावीच लागते, कारण आपला पाऊस. मृगाने सुरुवात करावी आणि हस्ताने निरोप द्यावा, या अवधीत बेळगावचे आभाळ भिंतींना कोरडे होऊ देत नाही. बळ्ळारी नाल्याचे पाणी शिवारात पसरते तशी ओल जोत्याखालून मुकाट वर चढत राहते. भादव्याच्या अखेरीस आपण भिंतीवर नजर टाकतो तेव्हा पायथ्याशी हातभर उंचीची एक गडद रेघ उमटलेली असते, कोपऱ्यात काळसर बुरशी धरलेली असते, आणि गेल्या वर्षी मोठ्या हौसेने दिलेल्या रंगाचे पोपडे बोट लावताच हातात येतात.

तो पोपडा टाकून देण्याआधी जरा उजेडात धरून पाहावा. जुन्या घरात त्याच्या कडेवर घराचे वय वाचता येते. सगळ्यात वर परवापरवाचा मलईसारखा प्लास्टिक रंग. त्याखाली पिस्त्याच्या छटेचे डिस्टेंपर, ज्याच्यावर पाठ टेकली की सदऱ्याला पांढरी भुकटी लागायची. त्याखाली एके काळी प्रत्येक घरात असलेला फिकट निळा. आणि सर्वांत खाली चुना, चुन्यावर चुना, किती हातांचा कोण जाणे. एखाद्या निळ्या थरात कुणाच्या तरी लग्नाच्या साली मारलेल्या रंगाची आठवण निघते, एखाद्या हिरव्यात घरातल्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या पगाराची. आपण रंगाचे डबे विसरतो, पण भिंत एकही विसरत नाही.

त्या सर्वांत खालच्या थरापाशी आज थोडे थांबावेसे वाटते. चुन्याची ती विद्या आपल्या डोळ्यांदेखत मावळत चालली आहे. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंशांवर भाजली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. मोठ्या पिंपात तो पाण्यात टाकला की पाणी खदखदून उकळू लागे, वाफ उठे, आणि लहान मुलांना कडेला उभे केले जाई, कारण एक थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जायचा. मग तो दोन-चार दिवस मुरायचा. मुरल्यावर फडक्यातून गाळून त्यात डिंक किंवा सरस, मूठभर मीठ आणि कपड्यांची चिमूटभर नीळ. नीळ अशासाठी की निव्वळ पांढरा डोळ्यांना पिवळसर दिसतो. किंचित निळाईने तो खरा पांढरा होतो. कुणाला पिवळा सोपा हवा असेल तर पिवडी, पायथ्याच्या पट्ट्याला गेरू. केकताड ठेचून केलेला कुंचला घेऊन घरचीच माणसे भिंतीला भिडायची. ओला चुना भिंतीवर करडा, पारदर्शक दिसतो, काहीच लागले नाही असे वाटते. पण तो वाळत असताना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा दगडच होत असतो. भट्टीत जे गमावले ते भिंतीवर परत मिळवत असतो, आणि दुपारपर्यंत खोली आतून उजळू लागते. वाळलेल्या चुन्याचा एक थर म्हणजे नखाएवढ्या जाडीचीही नसलेली, पण चुनखडीचीच एक नवी पापुद्र्यासारखी भिंत. ताज्या चुन्यात बुरशी जगत नाही, त्यामुळे पावसाळ्यानंतर तो लावणे हे घराचे औषधपाणीही असे.

आपल्या शेजारच्या भाषेत या सगळ्या खटाटोपाला एक सुंदर जोडनाव आहे, सुण्ण-बण्ण. सुण्ण म्हणजे चुना, बण्ण म्हणजे रंग. कन्नड शेजारीण 'सुण्ण-बण्ण झाले का' असे विचारते तेव्हा ती आपलाच 'दसरा काढलासा काय' विचारत असते. आणि शब्दांचे पोपडे जरा खरवडले तर खाली काय निघते? आपला चुना संस्कृत 'चूर्ण'मधून आला, त्यांचे सुण्णही त्याच चूर्णातून. त्यांचा बण्ण 'वर्ण'मधून आला, आणि आपण लग्नाच्या बोलण्यात मुलीचा गहूवर्ण सांगतो तो वर्णही तोच. दोन घरांमधली भिंत एकच असावी आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या हातांनी तिला चुना लावला जावा, तसे हे शब्द आहेत. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी भाषेसाठी पुष्कळ सोसले आहे, ते विसरावे असे कुणीही म्हणणार नाही. पण दसरा काढताना शेजारणीकडून शिडी मागून आणण्याची रीतही आपल्याच गल्लीची आहे आणि तीही तितकीच जुनी आहे.

चुन्याची खोड मात्र एक होती, तो वर्षाच्या वर टिकत नसे. पावसाने धुपायचा, अंगाला लागायचा, पुढच्या भादव्यात पुन्हा लावावा लागायचा. मग डिस्टेंपर आले, तेलरंग आले, प्लास्टिक इमल्शन आले. मुंबईत 1942 साली चार मित्रांनी सुरू केलेल्या एशियन पेंट्सच्या डब्यावर आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढलेला, कपाळावर बट आलेला आणि हातात कुंचला घेतलेला गट्टू नावाचा पोरगा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी हा बदल आपल्या बालपणात होताना पाहिला आहे. गोष्ट चांगलीच होती. भिंत पुसता येऊ लागली, हव्या त्या शेकडो छटा मिळू लागल्या, घरातल्या बायकांच्या हातांची चुन्याने होणारी चरचर थांबली. आज दुकानदार शेड कार्ड पुढे ठेवून आपल्याला पाच वर्षांची, सात वर्षांची, दहा वर्षांची हमी देतो, आणि आपण समाधानाने घरी येतो.

पण या हमीने आपल्याकडून काहीतरी नेलेही आहे. चुन्याच्या काळात वर्षातून एकदा घरातल्या माणसाचा हात भिंतीच्या प्रत्येक वितीवरून फिरत असे. कुठे गिलावा पोकळ वाजतो, कुठे वाळवीची माती चढली आहे, कोणत्या कौलातून पाणी झिरपते, हे कुंचला चालवता चालवताच कळायचे. आता रंग दहा वर्षांचा झाला आणि ही भेटही दहा वर्षांनी होऊ लागली. भिंत आजारी पडते तेव्हा आपल्याला ते वास आल्यावर, किंवा भिंतीला टेकवलेले कपाट हलवल्यावर कळते. नवेपणा टिकाऊ झाला, तशी काळजी क्वचित झाली.

आणि टिकाऊ रंगाला पारखून घेतलेली भिंत लागते, हे आपण घाईत विसरतो. मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या चिऱ्याच्या भिंती श्वास घेतात. ओल त्यांच्यात शिरते तशी उन्हात बाहेरही पडते. त्यांच्यावर प्लास्टिकचा बंद थर चढवला की ती ओल आत कोंडते, सोबत आलेले क्षार पृष्ठभागाशी जमून फुगतात, आणि महागाचा रंग एका पावसात पापडासारखा सुटतो. दोष रंगाचा नसतो, भिंतीचा तर नसतोच. सोप्यातल्या गणपतीच्या पाठीमागची भिंत चवथीच्या आदल्या रात्री घाईने रंगवून घेतलेली आणि दसऱ्यापर्यंत सोललेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. अशा वेळी घरातल्या म्हातारीचे ऐकावे. भिंतीवर तळहात ठेवून, डोळे मिटून, क्षणभर थांबून ती म्हणते, "भिंत अजून ओली हाय गा, थांब की थोडं." आधी कौल बदलावे, पन्हळ दुरुस्त करावी, जोत्यालगतची माती हटवून पाण्याला वाट द्यावी, सिमेंटचा नवा गिलावा असेल तर त्याला महिनाभर वाळू द्यावे, मग खरवडणे, पॉलिश पेपर, लांबी, प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात. बारा बाय चौदाच्या, दहा फूट उंचीच्या सोप्याला दारे-खिडक्या वजा जाता साडेचारशे चौरस फूट भिंत निघते. लिटरभर इमल्शन दोन हातांत सव्वाशे ते दीडशे फूट जाते. म्हणजे सगळा रंग तीन-चार लिटरांचा. खरे श्रम त्याच्या आधीचे आहेत. यंदा घटापूर्वी भिंत वाळली नाही तर दिवाळीपर्यंत थांबावे, पाडव्याला नवा रंग लागला तरी देवी रागावत नाही.

खरवडताना एक जबाबदारी मात्र विसरू नये. जुन्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर आणि सोप्याच्या कंबरेएवढ्या पट्ट्यावर जो तेलरंग आहे, त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांच्या आत ठेवण्याचे बंधन आपल्या देशात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगांची खात्री कोण देणार? त्या रंगाची कोरडी धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. म्हणून तो पाण्याने भिजवून मगच घासावा, पोराबाळांना आणि गरोदर लेकीसुनांना तेवढे दिवस शेजारी पाठवावे, आणि खाली पडलेला चुरा अंगणात न झाडता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. दसरा काढायचा तो ज्यांच्यासाठी, त्यांना तो बाधू नये.

आता रंग कोणता, हा सगळ्या घराला एका संध्याकाळी भांडायला लावणारा प्रश्न. शेड कार्डावर नखाएवढी दिसणारी छटा भिंतभर पसरली की दुप्पट गडद होते, हे पहिल्यांदा रंगवणाऱ्याला फार उशिरा समजते. पण याहूनही खोल गोष्ट आपल्या शेजारच्या शहापूर-वडगावच्या विणकराला ठाऊक असते. लाल ताण्याशेजारचा हिरवा काठ जितका हिरवा दिसतो, तितका तो सुटा रिळावर दिसत नाही. फ्रान्समध्ये गोब्लँच्या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडे अशीच तक्रार आली होती, की काळा धागा नीट रंगत नाही, फिका पडतो. त्याने तपासले तर धाग्याचा रंग पक्का होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे डोळ्याला तो फिका वाटत होता. 1839 साली त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. कोणताही रंग एकटा नसतो, शेजाऱ्यासह तो असतो, हे त्याचे सूत्र शहापूरच्या मागावर रोज विणले जाते. तेव्हा सोप्याचा रंग निवडताना दुकानातल्या दिव्याखाली निवडू नये. शहाबादी फरशी काळसर आहे की लाल कोब्याची जमीन आहे, खांब सागवानी आहेत की रंगवलेले, दार उगवतीला आहे की उत्तरेला, समोरच्या भिंतीवर शिवछत्रपतींची तसबीर आहे तिच्या चौकटीचा रंग कोणता, या सगळ्यांच्या शेजारात तो बसायचा आहे. वीतभर तुकडा भिंतीवर लावून तो सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीला पाहावा. उत्तरेच्या थंड उजेडात निळसर सोपा उदास वाटतो. तिथे पिवडीची आठवण देणारी ऊबदार छटा शोभते. बाकीच्या भिंतींना एकच रंग देऊन एका भिंतीला भडक करण्याची टूम अलीकडे निघाली आहे. ज्याला आवडते त्याने करावे, पण सोप्यात सुखाचे माणूस बसते तसे दुःखाचेही बसते, आणि त्याच्या पाठीशी जरा शांत रंग असलेला बरा.

जो माणूस शिडीवर चढून हे सगळे प्रत्यक्षात आणतो, त्याच्याकडेही या दिवसांत पाहायला हवे. दसरा-दिवाळीच्या या पाच-सहा आठवड्यांत पेंटरला जेवायला फुरसत नसते आणि सुगीनंतर कित्येकदा काम नसते. मान वर करून छत रंगवणे हे किती कष्टाचे आहे ते एक तास करून पाहिल्याखेरीज कळत नाही. त्याला चहा द्यावा, घाई लावू नये, आणि त्याचा हिशेब घट बसण्याआधी चुकता करावा. त्याच्याही घरी दसरा काढायचा आहे.

जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे जिच्यावर घरे उभी राहतात ती गावठाणाची. उद्योगाने, वसाहतींनी, रस्त्यांनी अनगोळची काळी वर्षागणिक आक्रसत चालली आहे. येळ्ळूरच्या वाटेला जिथे भाताचे लोंबते शिवार होते तिथे आता भाग्यनगरासारख्या वसाहती पांढरी होऊन उभ्या आहेत. तरीही नवरात्राच्या पहिल्या दिवशी आपण काय करतो? त्या उरलेल्या काळीतली ओंजळभर माती आणतो आणि पांढरीतल्या घरात, नुकत्या रंगवलेल्या भिंतीपाशी, पत्रावळीवर पसरतो. तीत धान्य पेरतो, मध्ये घट ठेवतो, पाणी घालतो. भिंतीला ओल लागू नये म्हणून महिनाभर धडपडणारे आपण त्याच भिंतीच्या पायाशी ओल जपतो. नऊ दिवसांनी देव्हाऱ्याच्या सावलीत उगवलेले ते तुरे पिवळेधमक असतात, कारण त्यांनी ऊन पाहिलेले नसते. तोच कोंब परसात लावला तर दोन दिवसांत हिरवा होतो. कोणत्याही शेड कार्डात तो पिवळा सापडत नाही.

या नऊ दिवसांत पहाटे दुर्गामाता दौड गल्लीतून जाईल, दारापुढे सडा-रांगोळी पडेल, उघड्या दारातून सोप्याची नवी भिंत रस्त्यापर्यंत दिसेल. खंडेनवमीला उद्यमबागेतल्या कारखान्यांत यंत्रे थांबतील, त्यांना पुसून, नव्या रंगाचा हात देऊन हार घातले जातील. घरी पाटावर विळा, खुरपे, कात्री, शिवणाचे यंत्र, मुलांची वह्या-पुस्तके मांडली जातील. आणि जुन्या चालीचे एखादे घर असेल, तर तिथली आजी न्हाणीघराच्या कोपऱ्यातून केकताडाचा तो कुंचलाही आणून झेंडूच्या फुलाखाली ठेवील. सकाळीच तिने गोठ्याच्या भिंतीला चुना दिलेला असतो. कुंचला धुतलेला असला तरी पुरता वाळलेला नसतो, आणि आरती चालू असताना त्याच्या टोकाशी जमलेला पांढरा थेंब हळूच पाटावर उतरतो. कुणी तो पुसत नाही.